दाढेची जागा

"काकूंना सध्या कुठलं औषध चालू आहे का?" राजसने विचारलं, तेव्हा नारायणरावांना उत्तर ठाऊक होतं.

यशोदाबाई खुर्चीत मागे रेलून बसल्या होत्या. उजवीकडची खालची दाढ ठणकत होती, गेले कित्येक दिवस त्या दूध-भातावरच होत्या. राजस त्यांचा होणारा जावई. सोलापुरात सात रस्त्याच्या मागे त्याचा दातांचा दवाखाना होता, नवाच, अजून भिंतींना रंगाचा वास येत होता. त्याचा आणि उत्कर्षाचा साखरपुडा झाला होता, लग्न वैशाखात धरलं होतं. उत्कर्षा पुण्याला नोकरीला. तिनेच फोनवर आईच्या दाढेचं राजसच्या कानावर घातलं, आणि सासूबाईंनी दुसऱ्या कुणाकडे जायचं नाही, असा त्याने हट्ट धरला होता.

"बी.पी.ची गोळी घेते," नारायणराव म्हणाले. "बाकी काही नाही."

यशोदाबाईंनी उघडलेलं तोंड मिटलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. नारायणराव भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे पाहत राहिले.

राजस नीट काम करणारा मुलगा होता. त्याने साखर तपासून घेतली, बी.पी. पाहिलं, दाढेचा फोटो काढला. मग त्याचं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. तळहात काळपट पडले होते, कातडी सोलवटली होती. हे कशानं, असं त्याने विचारलं. नारायणराव म्हणाले, भांड्यांची पावडर बदलली, ती बाधली. हे उत्तर त्यांनी इतक्या सहज दिलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

दाढ निघाली. यशोदाबाई कापसाचा बोळा चावून रिक्षात बसल्या.

खरं असं होतं की यशोदाबाईंना आतड्याचा कॅन्सर होता. गेल्या वर्षी ऑपरेशन झालं, आणि नंतर यकृतावर ठिपके दिसले. आता रोज गोळ्या होत्या, त्या गोळ्यांनीच हात काळे पडले होते. शिवाय दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून एक इंजेक्शन. बी.पी. त्यांना आधी कधीच नव्हतं, या इंजेक्शनने ते वाढलं होतं. म्हणजे नारायणरावांनी सांगितलेली एक गोष्ट खरी होती, आणि ती खरी असल्यामुळेच बाकीचं झाकलं गेलं होतं.

नारायणराव एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क. सरळ माणूस म्हणून त्यांची ओळख होती आणि तिचा त्यांना अभिमानही होता. पण ऑपरेशननंतर काही महिन्यांत उत्कर्षासाठी वैरागचं एक स्थळ आलं होतं. सगळं जुळत आलं होतं. बोलता बोलता यशोदाबाईंच्या आजाराचा विषय निघाला, नारायणरावांनी आहे ते सांगून टाकलं. त्यानंतर वैरागहून फोन आला नाही. यांनी केला तर कुणी उचलला नाही. पुढे मध्यस्थाकडून कळलं, की आईला आहे म्हणजे उद्या मुलीला होणार, असं त्यांच्याकडे कुणीतरी म्हणालं. उत्कर्षाने ते हसण्यावारी नेलं. नारायणरावांना मात्र ते फार लागलं. राजसचं स्थळ आलं तेव्हा त्यांनी घरात बजावून सांगितलं, लग्न होईपर्यंत या विषयावर अवाक्षर काढायचं नाही. विचारलंच तर अल्सर सांगायचं.

उत्कर्षाने विरोध केला. राजसला मी सांगते, तो तसा नाही, असं ती म्हणाली. नारायणरावांनी तिला आईची शपथ घातली. यशोदाबाई काही बोलल्या नाहीत. आपल्यामुळे पोरीचं एक स्थळ गेलं, ही सल त्यांच्याही मनात होती.

आणखी एक गोष्ट होती, ती फक्त नारायणरावांना आठवत होती. इंजेक्शन पहिल्यांदा दिलं तेव्हा कॅन्सरच्या डॉक्टर महेश्वरी यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, की हे चालू असताना अंगावर कुठेही कापाकापी करायची नाही, साधा दात काढायचा झाला तरी आधी मला विचारायचं. यशोदाबाई तेव्हा घाबरलेल्या होत्या, त्यांच्या डोक्यात ते राहिलं नाही. नारायणरावांच्या डोक्यात मात्र राहिलं. राजसच्या दवाखान्यात ते वाक्य त्यांना शब्दन् शब्द आठवलं. दातच तर आहे, असं म्हणून त्यांनी ते गिळून टाकलं. त्या संध्याकाळी उत्कर्षाचा फोन आला, महेश्वरी डॉक्टरांना विचारून काढलीत ना दाढ, म्हणून. नारायणराव हो म्हणाले.

चारदोन दिवसांत भरून यायला हवी होती ती जागा भरली नाही. उलट खड्डा कोरडा पडला, गाल सुजला, तोंडाला वास येऊ लागला. राजस रोज दवाखाना उघडायच्या आधी घरी यायचा, पिचकारीने जखम धुवायचा, औषधाचा बोळा भरायचा. पहिल्यांदा तो म्हणाला, होतं असं कधीकधी. मग त्याने गोळ्या बदलल्या. मग पुन्हा फोटो काढला. एका सकाळी आरसा धरून आत पाहता पाहता तो थांबला. हिरडीखालचं हाड उघडं पडलं होतं, पिवळट पांढरं.

"काकू, माझं काहीतरी चुकलंय," तो म्हणाला. "काय, ते कळत नाही मला."

यशोदाबाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. त्यांना बोलता येत नव्हतं. नारायणराव चहाचा कप घेऊन दारात उभे होते, ते तसेच मागे फिरले.

राजसने कॉलेजातल्या सरांना फोन केले, फोटो पाठवले. साखर पुन्हा तपासली, ती नीट होती. दवाखान्यातली हत्यारं उकळायचं यंत्र बिघडलं असेल म्हणून कंपनीचा माणूस बोलावला. यंत्र चांगलं होतं. दाढ काढताना आपण जास्त जोर लावला असणार, असं त्याच्या मनाने घेतलं. नवीन कुणी दाढ काढायला आलं की तो त्यांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवू लागला. हे नारायणरावांना उत्कर्षाकडून कळलं. ती म्हणाली, बाबा, रोज रात्री आईच्या दाढेचा फोटो काढून बसतो तो. मला कळत नाही त्याला काय सांगावं. नारायणराव म्हणाले, शिकेल हळूहळू, नवीन आहे. फोन ठेवल्यावर त्यांना घरात बसवेना. सिद्धेश्वर तलावाच्या कडेने ते उन्हात चालत राहिले. ओळखीचं कुणी दिसलं की रस्ता ओलांडत होते. कुणाला काही माहीत नव्हतं, तरी ओलांडत होते.

त्या रविवारी राजसचे वडील आले. अवधूतराव करमाळ्याच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, ताठ बसणारे, मोजकं बोलणारे. विहीणबाईंना पाहायला म्हणून आले होते. राजसही बरोबर होता. यशोदाबाई पदर गालावर धरून क्षणभर बाहेर आल्या, नमस्कार करून आत गेल्या. तेवढ्यात अवधूतरावांनी त्यांची सूज पाहिली.

मग ते मुलाकडे वळले. नारायणरावांच्या समोरच त्यांनी त्याला बोलायला सुरुवात केली. आवाज चढवला नाही, पण एकेक शब्द वेगळा ऐकू येत होता. पाच वर्षं शिकवलं, वर दवाखाना घालून दिला, आणि पहिली आपल्या घरची बाई हातात आली तर तिची ही दशा केलीस. जमत नव्हतं तर मोठ्या डॉक्टरकडे पाठवायचं होतंस. घमेंड नडली तुला. राजस मान खाली घालून बसला होता. त्याने एकदाही वर पाहिलं नाही.

बोलून झाल्यावर अवधूतराव उठले आणि नारायणरावांपुढे त्यांनी हात जोडले.

"नारायणराव, मुलाच्या वतीने मी माफी मागतो. मला तोंड दाखवायला जागा नाही."

आत्ता, असं नारायणरावांच्या मनात आलं. आत्ता बोललो तर होऊन जाईल. पण साठी उलटलेला तो माणूस हात जोडून समोर उभा होता, आणि खरं सांगायचं म्हणजे ते हात आपल्यापुढे कुठल्या खोट्यावर जोडले गेले तेही सांगावं लागणार होतं. नारायणरावांनी ते हात आपल्या हातात घेतले.

"अहो, असू द्या," ते म्हणाले. "माणसाच्या हातून चुका होतात. आम्ही काही मनात धरलेलं नाही."

अवधूतरावांचे डोळे पाणावले. राजसने वाकून नारायणरावांच्या पायांना हात लावला.

ते गेल्यावर नारायणराव आतल्या खोलीत गेले. यशोदाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. सुजलेल्या जबड्यातून एकेक शब्द काढत त्या बोलल्या.

"क्षमा केलीत तुम्ही त्याला."

नारायणराव खाली बसले. त्यांना रडू येईल असं वाटलं, पण रडूही आलं नाही. यशोदाबाई पुढे म्हणाल्या, की गप्प बसले ते मीपण, तुम्हाला एकट्याला बोल लावत नाही. पण त्याच्या तोंडाकडे मला बघवत नाही आता.

उद्या सांगतो, असं नारायणराव म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं नाही.

आठवडा सरायच्या आत इंजेक्शनची तारीख आली. डॉक्टर महेश्वरी सोलापूरच्याच, पूर्व भागातल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या. मराठीत त्या शांतपणे, तोडून तोडून बोलायच्या. यशोदाबाई केबिनमध्ये आल्या तशी त्यांनी सूज पाहिली आणि तोंड उघडायला सांगितलं. बॅटरीच्या उजेडात त्या बराच वेळ आत पाहत होत्या. मग हातमोजे काढून खुर्चीत बसल्या.

दाढ कधी काढली, असं त्यांनी विचारलं. नारायणरावांनी सांगितलं. मागच्या इंजेक्शननंतर लगेचच.

"तुम्हाला इंजेक्शन कसं काम करतं ते मी नीट समजावलं नव्हतं, ती माझी चूक," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्या वाक्याने नारायणरावांचे कान तापले. आणखी एक माणूस त्यांच्या वाटणीची चूक उचलत होता.

मग त्यांनी समजावलं. अंगावर कुठे जखम झाली की तिथलं मांस हाक मारतं, इकडे रक्त पाठवा म्हणून. ती हाक ऐकून जवळच्या रक्तवाहिन्यांना कोंब फुटतात. केसाहून बारीक. ते जखमेपर्यंत पोचतात, रक्त आणतात, त्यावर नवं मांस धरतं. जखम भरली की हाक थांबते आणि कोंबही थांबतात. पोटातलं बाळ वाढतं तेव्हाही असंच होतं. निरोगी शरीरात हे काम गरजेपुरतं होतं.

"कॅन्सरची गाठ पण तीच हाक मारते. तिला रक्त मिळालं नाही तर ती टाचणीच्या डोक्याएवढी राहते, वाढू शकत नाही. म्हणून ती सारखी रक्तवाहिन्या मागते, आणि शरीर देत राहतं. जखम कुठली आणि गाठ कुठली, हे त्याला ओळखता येत नाही. आपलं इंजेक्शन ती हाकच पोचू देत नाही. त्यानं गाठ उपाशी राहते. पण जखमही उपाशी राहते."

यशोदाबाईंनी हळूच विचारलं, मग आता?

आता इंजेक्शन बंद, असं डॉक्टर म्हणाल्या. हाड झाकलं जाईपर्यंत तरी बंदच. त्या काळात यकृतावरचे ठिपके काय करतील ते सांगता येत नाही. नुसत्या गोळ्यांवर ते दबून राहिले तर ठीक. जबड्याच्या सर्जनकडे जायला हवं, आणि दाढ काढणाऱ्या डॉक्टरशी मला बोलायला हवं.

"त्यांना हे इंजेक्शन चालू आहे, असं सांगितलं होतं ना तुम्ही?"

नारायणराव टेबलावरच्या काचेकडे पाहत राहिले. यशोदाबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली, मग नाही म्हणाल्या.

फोन पुढे ओढून डॉक्टरांनी दाढ काढणाऱ्याचा नंबर मागितला. तेव्हा नारायणरावांच्या तोंडून शब्द फुटले. मला आधी जाऊ द्या, ते म्हणाले. माझ्या तोंडून ऐकू दे त्याला. डॉक्टरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि संध्याकाळी फोन करते म्हणाल्या.

यशोदाबाईंना घरी सोडून ते भर दुपारी सात रस्त्याला गेले. दवाखान्यात पेशंट नव्हता. राजस टेबलाशी बसून कसलंसं पुस्तक वाचत होता. काकांना पाहून तो घाईने उठला, काकूंना जास्त झालं का, असं विचारू लागला.

नारायणरावांनी बसायच्या आधीच सांगितलं. उभ्यानेच. आतड्याचा कॅन्सर आहे, गेल्या वर्षी ऑपरेशन झालं, गोळ्या चालू आहेत, आणि हे हे इंजेक्शन. खिशातून कागद काढून त्यांनी नाव वाचलं.

राजसच्या चेहऱ्यावर आधी काहीच दिसलं नाही. त्याने डॉक्टरसारखे प्रश्न विचारले, शेवटचं इंजेक्शन कधी झालं, किती महिने चालू आहे. उत्तरं ऐकता ऐकता तो खुर्चीत बसला. दोन्ही हात त्याने टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडेच पाहत राहिला.

"मी विचारलं होतं तुम्हाला," तो म्हणाला.

"हो."

"डॉक्टरांनी तुम्हाला दातांबद्दल सांगितलं नव्हतं का? की सांगितलं होतं, आणि त्या दिवशी विसरलात?"

त्याच्या आवाजात विनवणी होती. होणाऱ्या सासऱ्याला तो एक पळवाट काढून देत होता, आणि ती त्याला स्वतःलाही हवी होती. विसरलो म्हटलं असतं तर दोघांनाही घरी जाता आलं असतं.

"विसरलो नव्हतो," नारायणराव म्हणाले. "आठवत होतं. लग्न मोडेल म्हणून सांगितलं नाही."

बाहेर रिक्षावाल्यांचा आरडाओरडा चालू होता. राजसने समोरचं पुस्तक मिटलं. मग म्हणाला, रविवारी माझ्या वडिलांनी तुमच्यापुढे हात जोडले.

नारायणरावांनी मान हलवली.

"त्यांना तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने नारायणराव करमाळ्याला गेले. वाटेत उतरून परत फिरावं असं त्यांना टेंभुर्णीला वाटलं, पुढेही वाटत राहिलं. अवधूतराव अंगणात पेपर वाचत होते. त्यांनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. चहाचं विचारलं नाही. शेवटी म्हणाले, लग्नाचं काय ते मुलं ठरवतील, मी त्यात पडणार नाही. आजार कुणालाही होतो.

"पण माझ्या मुलाला मी तुमच्यासमोर जे बोललो," ते म्हणाले, "ते आता परत कसं घेऊ, ते सांगा मला."

नारायणराव उठले. अवधूतराव स्टँडपर्यंत सोडायला आले नाहीत, फाटकापर्यंत आले.

उत्कर्षा पुण्याहून आली, आईजवळ बसली. वडिलांना तिने एवढंच विचारलं, मी फोनवर विचारलं तेव्हाही तुम्ही खोटं बोललात? त्यानंतर कितीतरी दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. राजसला तिने सांगून टाकलं, तू मोकळा आहेस. त्याने उत्तर दिलं नाही. वैशाखातला मुहूर्त गेला, कार्यालयवाल्याला नको म्हणून सांगावं लागलं. नातेवाइकांचे फोन येऊ लागले तेव्हा नारायणरावांनी कारण म्हणून प्रत्येकाला खरं तेच सांगितलं, बायकोला कॅन्सर आहे, मी लपवला होता. काही हळहळले, काहींनी फोन आवरता घेतला. वैरागच्या लोकांसारखं कुणी वागलं नाही. पण त्याने नारायणरावांना हलकं वाटलं नाही, उलट वाटलं, मग लपवलं कशासाठी?

जबड्याच्या सर्जननी हाडाचा मेलेला तुकडा काढला. त्यापुढची जखम धुण्याचं काम राजसने स्वतःकडे घेतलं. तो पूर्वीसारखा सकाळी यायचा. नारायणरावांना नमस्कार करायचा, काका म्हणायचा, आणि सरळ आत जायचा. तो कधी तरी रागावेल, चार शब्द सुनावेल, याची नारायणराव वाट पाहत होते. तसं काही झालं नाही. सुनावलं असतं तर त्यांना खाली मान घालून उभं राहता आलं असतं. आता तेवढीही सोय नव्हती.

पावसाळा अर्धा सरला तेव्हा एका सकाळी आतून राजसचा आवाज आला. काका, इकडे या.

ते गेले. यशोदाबाई खिडकीशी तोंड उघडून बसल्या होत्या. राजसने छोटा आरसा आत धरला आणि नारायणरावांना वाकायला सांगितलं. पिवळट हाड होतं तिथे चारी बाजूंनी लालभडक, बारीक दाणेदार मांस चढलं होतं. मधोमध तिळाएवढी जागा उरली होती.

"नव्या रक्तवाहिन्या आहेत ह्या," राजस म्हणाला. बोलताना तो प्रथमच थोडा हसला, त्यांच्याकडे बघून नव्हे, जखमेकडे बघून. "आता भरतंय."

यशोदाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नारायणराव त्या लाल रंगाकडे पाहत होते. इंजेक्शनचा अंमल उतरला होता, हाक पुन्हा पोचू लागली होती. हाक पोचते ती एकाच ठिकाणची नसते, हे त्यांना आता माहीत होतं. छान झालं, असं ते म्हणाले आणि बाहेर आले.

त्याच महिन्यात स्कॅन झाला. यकृतावरचे दोन ठिपके होते तेवढेच होते, तिसरा वाढला होता. इंजेक्शन चालू असतं तर तो वाढला नसता का, असं नारायणरावांनी डॉक्टर महेश्वरींना विचारलं. त्या म्हणाल्या, ते कुणालाच सांगता येणार नाही. मग जरा थांबून म्हणाल्या, सांगता येत असतं तरी मी सांगितलं नसतं. नव्या सलाईनचा कोर्स सुरू झाला. या वेळी केस गेले. यशोदाबाईंनी डोक्याला रुमाल बांधला आणि तशाच भाजीला जाऊ लागल्या.

राजस आणि उत्कर्षाने लग्न केलं, कार्तिकात, रजिस्टर पद्धतीने. कसं ठरलं ते दोघांनी कुणालाच सांगितलं नाही. अवधूतराव आले होते. यशोदाबाईंची त्यांनी आपुलकीने चौकशी केली, नारायणरावांना नमस्कार केला. सही करून झाल्यावर सगळे फोटोसाठी उभे राहिले. नारायणराव कडेला सरकले. यशोदाबाईंनी हात धरून त्यांना आपल्याजवळ ओढलं. नारायणरावांच्या दुसऱ्या बाजूला राजस होता. फोटोवाला म्हणाला, जरा जवळ या. राजस एक पाऊल सरकला. नारायणरावांना आपलं पाऊल उचलायला वेळ लागला, आणि तोवर फोटो निघाला होता.